आत काय चाललंय

४ तारीख, बुधवार

वन्सं,

आधीच सांगते, घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही माझा फोन उचलत नाही, मेसेज उघडत नाही, म्हणून तुमच्या डेअरीच्या प्रयोगशाळेचा मेल शोधून काढला आणि तिथे लिहितेय. तुमच्याबरोबर दूध तपासणाऱ्या बायकांनी आधी उघडलं तरी हरकत नाही, त्यांना आपली भाषा कुठे कळतेय.

तुमचा दादा शिडीवरून घसरला. एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत होता, नेहमीचंच काम. शिडी काही फार उंच नव्हती. डोक्याला लागलंय म्हणून दवाखान्यात ठेवलंय. औषध देऊन झोपवलंय, त्यामुळे बोलत नाही. तसाही तो कुठे बोलतो म्हणा.

हातपाय धड आहेत. मी बरी आहे. माझे गाडी शिकवायचे क्लास सध्या बंद ठेवलेत, त्यामुळे रस्त्यावरची माणसंही बरी असतील.

तुम्ही यायलाच हवं असं मी म्हणत नाही. कळवावंसं वाटलं, कळवलं.

वहिनी

५ तारीख, गुरुवार

वन्सं,

कालचं पत्र वाचलंत की नाही कोण जाणे. नसेल वाचलं तर बरंच, कारण त्यात मी निम्मं गाळलं. शिकायला येणाऱ्यांना मी ओरडते, मागचं नीट दिसेल असा आरसा लावा म्हणून, आणि स्वतः तो छताकडे फिरवून बसले.

तर ऐका. शिडी दुसऱ्या मजल्यापर्यंत लावलेली होती. डोक्यात रक्त साकळलं होतं, ते त्याच दिवशी कवटी उघडून काढलं. मेंदूला सूज आहे. श्वास यंत्र देतंय. झोप औषधाची आहे हे खरं, पण औषध थांबवल्यावर उठेल का, हे इथे कुणीच छातीठोक सांगत नाही. लिहिलं एकदाचं. आता वाटलं तर शिव्या द्या.

मी त्याच्या खाटेशी स्टुलावर बसते. खिडकी आहे, ती पार्किंगवर उघडते, आणि लोक गाड्या कशा वेड्यावाकड्या लावतात ते बघून माझं रक्त उसळतं, त्यात जरा वेळ जातो. बाकी वेळ माझा उजवा पाय फरशी दाबत राहतो. इतकी वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवायची खोड, ती कुठे जाणार. काल एका सिस्टरनं विचारलंही, पायाला गोळा आलाय का. इथे येता-जाता सगळ्याच सिस्टर. तुमच्या दादाच्या वाट्याला इतक्या सिस्टर आल्यात, खरी तेवढी गैरहजर.

आता मुद्द्याचं. त्याच्या डोक्यात एक नळी घातलीय, शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडी जाड. कवटीला एक स्क्रू बसवलाय, त्यातून ती थेट मेंदूत जाते. खाटेला एक छोटा पंप टांगलाय, तो त्या नळीतून मिठाचं पाणी सोडतो, पण इतकं सावकाश की दिवसभरात चमचाभरही होत नाही. नळीचं टोक चाळणीसारखं आहे. मेंदूच्या पेशींच्या आसपास जे काही असेल ते त्या पाण्यात झिरपतं आणि पाणी दुसऱ्या बाजूनं तांदळाच्या दाण्याएवढ्या बाटलीत जमतं. दर तासाला बाटली बदलायची आणि यंत्रात घालायची. मग यंत्र सांगतं, मेंदूला खायला मिळतंय का, मिळालेलं अंगी लागतंय का, की उपासमार चाललीय.

इथल्या डॉक्टरीणबाई हे समजावत होत्या आणि मला अप्पांच्या वेळचा दवाखान्याचा जिना आठवला. तुम्हालाही आठवत असेल, न आठवून सांगता कुणाला. अप्पांना झटका आला, डॉक्टर म्हणाले आता काही उरलेलं नाही, नुसतं यंत्र चाललंय, आणि मुलगा म्हणून दादानं यंत्र बंद करायला हो म्हटलं. तुम्ही विमानतळावर अडकला होतात. पोचलात दुसऱ्या दिवशी. जिन्यात तुम्ही त्याला म्हणालात, "डोळे मिटले म्हणजे आत कुणी नाही, हे तुला कुणी सांगितलं? आत काय चाललंय ते तू बघितलं होतंस? माझ्यासाठी एक दिवस थांबता आलं नाही तुला?" तो खाली जाऊन तुमच्यासाठी गाडीचं दार उघडून उभा राहिला. तुम्ही टॅक्सी केलीत. त्याला सहा वर्षं झाली.

त्या भांडणात मी कुणाची बाजू घेतली नाही. दातही आपले आणि ओठही आपलेच. पण तुमचा प्रश्न मला तेव्हाही पटला होता, हे आज सांगून टाकते.

तेव्हा त्या दवाखान्यात असली नळी नव्हती. इथे आहे. आत काय चाललंय ते तासातासाला बाटलीतून बाहेर येतंय. म्हणून मी ठरवलंय, जे येईल ते तुम्हाला कळवायचं. वाचा, नाहीतर पुसून टाका. मी लिहिणार.

वहिनी

७ तारीख, शनिवार

वन्सं,

उत्तर नाही. हरकत नाही. मी अशी माणसं शिकवलीत जी तीन महिने पहिल्या गिअरमध्येच होती.

आता माझी बाटल्यांच्या सिस्टरशी गट्टी जमलीय. बाई थोराड, बोटं माझ्या अंगठ्याएवढी, पण ती इवलीशी बाटली अशी उचलते की वाटावं मुंगीला अंघोळ घालतेय. मी फार प्रश्न विचारले की म्हणते, "तुम्ही तुमच्या गाडीत कुणाला इतकं बोलू देता का?" मी म्हटलं, मुळीच नाही. मग म्हणाली, बसा तर.

तिनं मला आकडे वाचायला शिकवलं. एक असतं लॅक्टेट. तुम्हाला ते मी काय सांगणार, तुमचं दूध नासायला लागलं की तेच वाढतं ना? दुसरं पायरुवेट. पेशीला साखर आणि हवा दोन्ही नीट मिळालं की दोघं आपापल्या मापात राहतात. मिळेनासं झालं की लॅक्टेट चढतं, पायरुवेट उतरतं. म्हणून एकाला दुसऱ्यानं भागायचं. पंचविसाच्या आसपास असलं तर उत्तम. चाळिसाच्या वर गेलं की डॉक्टरीणबाई चहा उभ्यानंच पितात. आज सकाळी एकतीस होतं. त्या बसून प्यायल्या.

त्यांनी मला दोन गोष्टींची तंबी दिलीय. एक म्हणजे नळीचं टोक मेंदूच्या एका कोपऱ्यात आहे. एका खोलीच्या दाराला कान लावून अख्ख्या घराचं भविष्य सांगायचं नाही. दुसरं म्हणजे बाटलीतली बातमी ताजी नसते. नळीतून यायला वेळ लागतो, म्हणून आत्ता जे दिसतं ते मघाचं असतं. मी म्हटलं, डॉक्टर, तासाभराचा उशीर काही नाही, आमच्या घरातली सहा वर्षांपूर्वीची बातमी अजून यायचीय. त्या हसल्या नाहीत. त्यांना काय माहीत.

एका गोष्टीत मात्र मी पैकीच्या पैकी मार्क मिळवलेत. दादाला मधुमेह आहे, आणि त्याची साखर मी कशी काबूत ठेवते ते मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं. इथेही ती एकदम शिस्तीत आहे, रक्तातली साखर नव्वदीच्या वर नाही. मी रोज आल्या आल्या तो आकडा बघते आणि सिस्टरला शाबासकी देते. घरी काय त्रास दिलाय त्यानं! टर्पेंटाइनच्या रिकाम्या डब्यात क्रीमची बिस्किटं लपवायचा. बिस्किटाला टर्पेंटाइनचा वास, याच्या तोंडाला टर्पेंटाइनचा वास, आणि वर मला म्हणायचा, रंगाचं काम करतो, वास येणारच. आणि त्याला बिघडवलं कुणी? तुम्ही. कॉलेजच्या पिशवीतून टॉफ्या आणून द्यायचात, आणि मी आले की दोघंही तोंड मिटून भिंतीकडे बघत बसायचात. गाल फुगलेले. मी आंधळी होते का?

रागावले नाहीये. ते फुगलेले गाल मला इथे बसल्या बसल्या आठवतात, इतकंच.

वहिनी

९ तारीख, सोमवार

वन्सं,

आज मला विनोद सुचत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

झोपेचं औषध परवा संध्याकाळीच थांबवलं. तो उठला नाही. काल दिवसभर नाही, आज नाही. चिमटा काढला की हात जेमतेम हलतो, डोळे उघडत नाहीत. नळीचा आकडा काल अडतीस होता, आज सेहेचाळीस. सिस्टर माझ्याशी आज भांडली नाही, तेव्हाच मला कळलं.

दुपारी मोठे डॉक्टर आले. त्यांनी मला बसायला सांगितलं. डॉक्टरांनी बसा म्हटलं की समजावं. म्हणाले, "सूज ओसरत नाहीये. नळीचे आकडेही बिघडतायत. अजून काही उपाय करून बघतोय आम्ही, पण मनाची तयारी ठेवा. असंच राहिलं तर यंत्राचं काय करायचं ते ठरवावं लागेल. घरच्यांशी बोलून घ्या."

मी म्हटलं, "घरचे म्हणजे मी आणि त्याची बहीण. तिला विचारल्याशिवाय काही ठरणार नाही."

"कुठे असतात त्या?"

"लांब."

"येतायत का?"

मी खरं ते सांगितलं, माहीत नाही म्हणून.

ते वाईट माणूस नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं. पण किती दिवस थांबायचं?"

ते तिला विचारून सांगते, असं मी म्हटलं. म्हणून विचारतेय. किती दिवस थांबायचं, वन्सं?

मला भीती वाटतेय. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, कारण सांगायला माझ्याकडे माणूस एकच आहे आणि तो तिथे पडलाय. मी लग्न होऊन आले तेव्हा चेष्टेनं तुम्हाला वन्सं म्हटलं. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, आणि कुणीतरी आपल्याला अहोजाहो करतंय म्हणून तुम्ही घाबरून खोलीत पळालात. तुमच्या दारावर दादानं रंगवून दिलेली पाटी, 'विचारल्याशिवाय आत येऊ नये.' मी पाटीसमोर उभी राहून म्हटलं, वन्सं, येऊ का आत? आतून बराच वेळ काही आवाज नाही. मग तुम्ही म्हणालात, या.

आज परत तेच विचारतेय असं समजा.

वहिनी

१० तारीख, मंगळवार

वन्सं,

तुमचं उत्तर आलं. एक ओळ. 'रक्तातली साखर कळली, नळीतली किती आहे?' ना नमस्कार, ना काळजी घ्या. मी ती ओळ पार्किंगमध्ये उभी राहून इतक्या वेळा वाचली की एक रिक्षावाला थांबून विचारून गेला, कुठे जायचंय.

मी तशीच वर धावले. डॉक्टरीणबाई यंत्रासमोर होत्या आणि त्याच आकड्यावर बोट ठेवून उभ्या होत्या. दोन डोकी, दोन देश, एकच शंका. मी म्हटलं, त्याच्या बहिणीनंही हेच विचारलंय. त्या म्हणाल्या, "करतात काय त्या?" मी म्हटलं, दूध तपासतात. त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे."

तर ऐका. नळीतली साखर जवळजवळ संपलेली. रक्तात अठ्ठ्याऐंशी, शिस्तीत, माझ्या लाडक्या मापात. आणि मेंदूत खडखडाट. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात ना, इथे उलटंच. आडात होतं, पोहऱ्यात येत नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मार लागलेला मेंदू खादाड होतो. रक्तात साखर बेताची ठेवली तर सगळ्या अंगाचं भागतं, पण त्याच्यापर्यंत पुरेशी पोचत नाही. म्हणून इन्सुलिन कमी करायचं, नाकातल्या नळीवाटे जेवण वाढवायचं, रक्तातली साखर थोडी चढू द्यायची.

आता माझं ध्यान बघा. नवरा मरणाच्या दारात, आणि मी त्यांच्याशी हुज्जत घालतेय. "अहो, मधुमेह आहे त्याला! चढू द्यायची म्हणजे काय? इतक्या वर्षांची माझी मेहनत!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सध्या त्यांना मधुमेही समजू नका. उपाशी समजा."

मी खालीच बसले, स्टूल जवळ नव्हतं तरी. वन्सं, मी रोज येऊन तो आकडा बघत होते आणि शाबासकी देत होते. सिस्टर आकडा खालच्या बाजूलाच राहील असं बघत होती, कारण ही बाई खूश होते. मी तसं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मर्यादा आमच्याच नियमातली आहे, तुम्ही फक्त टाळ्या वाजवल्या. चांगली बाई आहे. पण माझ्या मनातून जात नाहीये. तुम्ही चोरून टॉफी द्यायचात, मी पकडायचे, आणि इथे त्याचं डोकं एकेका दाण्याला महाग झालं होतं तेव्हा मी पहारेकऱ्यासारखी दारात उभी.

बाटलीतली बातमी उशिरा येते, तेव्हा आजच्या बदलाचं उद्या कळेल. बाई म्हणाल्यात की खात्री नाही, साखर मिळाली तरी पेशी ती जाळतील का हे बघावं लागेल. मी त्याच्या कानात सांगून ठेवलंय, तुझ्या बहिणीनं पुन्हा टॉफी पाठवलीय, गुपचूप खा.

वहिनी

१३ तारीख, शुक्रवार

वन्सं,

त्यानं खाल्ली.

बुधवारी सकाळी आकडा बेचाळीस. संध्याकाळी सदतीस. काल बत्तीस. आज अठ्ठावीस, आणि नळीतल्या साखरेनं मान वर काढलीय. रक्तातली साखर किती आहे हे मी विचारलंच नाही, कानाला खडा. सिस्टरनं मुद्दाम तो कागद माझ्यासमोर धरला, तर मी खिडकीकडे बघितलं. ती पोट धरून हसली.

आकडे उतरले म्हणून माणूस उठतो असं नाही, हे बाई रोज बजावतात. पण मोठे डॉक्टर काल आले ते बसा म्हणाले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "आत काम चालू आहे. थांबू या." मी त्यांना म्हटलं, हे वाक्य मला लिहून द्याल का, एका माणसाला पाठवायचंय. ते म्हणाले, लिहून कशाला, माझं नाव सांगा.

आणि आज दुपारी त्यानं डोळे उघडले. फार नाही, दुपारी झोपलेल्या दुकानदाराचं शटर असतं तेवढे. सिस्टर म्हणाली, हात दाबा. त्यानं दाबला. मी म्हटलं, माझाही दाब. माझा नाही दाबला. नवरा तो नवराच.

घशात श्वासाची नळी आहे त्यामुळे बोलता येत नाही. मी रडले. पार्किंगमध्ये जाऊन रडले, तर तिथे एक मुलगी गाडी मागे घेताना खांबाला भिडणार होती, तेव्हा डोळे पुसता पुसता तिला स्टिअरिंग कुठे वळवायचं ते सांगितलं. नीट लागली गाडी.

तुमची दुसरी ओळ मिळाली. 'कळवत राहा.' बरं. येते असं लिहिलं नाहीत, ते मी बघितलं. पण तुमची खोली झाडून घेतलीय. चादर बदललीय. पाटी अजून दारावरच आहे, 'न' ची शेपटी थोडी उडालीय. मी आत जाताना विचारूनच गेले.

वहिनी

१८ तारीख, बुधवार

वन्सं,

हे पत्र बसून वाचा. वाईट काही नाही. पण बसा.

डोक्यातली नळी शनिवारी काढली. तिचं काम झालं, बाई म्हणाल्या. आता बातमी तोच देईल. सोमवारी घशातली नळीही काढली. आवाज म्हणजे गंजलेली कडी सरकवल्यासारखा, पण आवाज त्याचाच. मला ओळखलं. नाव विचारलं तर स्वतःचं बरोबर सांगितलं. वर्ष विचारलं तर सहा वर्षं मागचं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्याला इतका मार लागल्यावर असं होतं. धुकं असतं. काही दिवसांत हळूहळू निवळतं. तोवर वाद घालायचा नाही, धीर द्यायचा.

समोरच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ आहेत, पांढरी दाढी वाढलेली, श्वास यंत्रावर. काल सकाळपासून तुमचा दादा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, उगाच बघतोय. दुपारी मोठे डॉक्टर फेरीला आले आणि त्या म्हाताऱ्यांच्या खाटेशी थांबले, तशी यानं उठायची धडपड सुरू केली. अंगात ताकद नाही, एका हाताला सलाईन, आणि पाय खाटेच्या खाली सोडतोय. सिस्टर धावली, मी धावले. डॉक्टर इकडे वळले. तर यानं त्यांच्या कोटाची बाही घट्ट पकडली.

म्हणाला, "डॉक्टर, अप्पांचं यंत्र बंद करू नका अजून. माझी बहीण वाटेत आहे."



डॉक्टरांना काय माहीत अप्पा कोण. ते माझ्याकडे बघायला लागले. हा बाही सोडेना. "तिचं विमान अडकलंय. उद्या पोचेल ती. एक दिवस थांबा. मी काल हो म्हटलं ते खरं नाही. मला एकट्याला नाही ठरवता येत. ती आली की तिला विचारू, मग ती सांगेल ते."

वन्सं, सहा वर्षांत यातलं अवाक्षर त्यानं माझ्याजवळ काढलं नव्हतं. मी तुमचा विषय काढला की ब्रश धुवायला घ्यायचा. धुतलेले ब्रश पुन्हा धुवायचा. मला वाटायचं, हा दगड आहे, याला काही वाटतच नाही. मी त्याला तसं बोललेही आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. आणि हा आतल्या आत रोज अप्पांच्या डॉक्टरांची बाही धरत होता.

किती दिवस थांबायचं म्हणून मला विचारणारे ते मोठे डॉक्टर. त्यांनी बाही सोडवून घेतली नाही. याच्या खाटेच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "बरं. थांबतो आपण."

मग कुठे हा आडवा झाला.

कालपासून त्याचं हे सगळ्यांना सांगून झालंय. बाटल्यांच्या सिस्टरला सांगितलं, फरशी पुसणाऱ्या बाईंना सांगितलं, एक्स-रे काढायला आलेल्या माणसाला सांगितलं. विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतो. मी पहिल्या वेळी चूक केली, त्याला म्हटलं, अरे, अप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. त्याचा चेहरा मला नाही लिहिता येत. थोड्या वेळानं तो विसरला, पण मी नाही विसरले. पुन्हा तसं म्हटलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धुकं निवळेल, चांगलं निवळेल, हात चालतील, पाट्या रंगवेल, हळूहळू सगळं. मला त्याचा आनंद आहे, किती आहे ते सांगून समजणार नाही. पण मी याला चांगली ओळखते. भानावर आला, अप्पा गेलेत हे आठवलं, की हा पुन्हा ब्रश धुवायला घेणार. जे काल बोलला ते जन्मात कधी बोलणार नाही. मी ऐकलंय, पण ते माझ्यासाठी नव्हतं. तुम्ही जिन्यात त्याला जे विचारलं होतंत, त्याचं ते उत्तर आहे, आणि ते तुम्ही त्याच्या तोंडून ऐकावं असं मला फार वाटतं.

आज सकाळी मी त्याचा चेहरा पुसत होते. त्यानं विचारलं, "कुठवर आली?"

मी शिकाऊ लोकांना 'छान चालवता' म्हणते तेवढं सोडलं तर खोटं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "निघालीय ती."

"नक्की?"

"नक्की."

तो म्हणाला, "मग मी जागा राहतो," आणि लगेच झोपला. तोंड उघडं, गाल बसलेले. मी शेजारी बसून हे लिहितेय, आणि आज माझा पाय फरशी दाबत नाहीये.

उठला की पुन्हा विचारेल. कुठवर आलात, तेवढं कळवा.

वहिनी